मोस्ट वाँटेड आणि गागोद्याचे विनोबा

'नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड' (२००५) चं नाव काढलं की माझ्या वयाचे लोक गाड्यांपेक्षा जास्त पोलिसांबद्दलच बोलतात. असं का होतं, यावर बरेच दिवस लिहायचं होतं.

गेममध्ये पोलिस असणं नवीन नव्हतं. १९९१ च्या 'रोड रॅश'मध्येही हवालदार मागे लागायचा. सापडलात की दंड भरा आणि पुन्हा सुरू. पण तिथे पोलिस म्हणजे शर्यतीतली अडचण, रस्त्यातल्या खड्ड्यासारखी. 'मोस्ट वाँटेड'ने हिशेबच उलटा केला. पंधरा जणांची ब्लॅकलिस्ट, सर्वात वर रेझर, आपली बीएमडब्ल्यू लबाडीने ढापणारा. पण वरच्या नंबरला आव्हान द्यायचं तर नुसत्या शर्यती जिंकून भागत नाही, डोक्यावर 'बाउंटी' लागते. आणि ती पोलिस मागे लागल्याशिवाय वाढत नाही! 'हीट' चढत गेली की साध्या गाड्यांच्या जागी दणकट एसयूव्ही, काटेरी पट्ट्या, वर हेलिकॉप्टर. सरकारचं किती नुकसान केलंत, त्याचाही आकडा दिसतो. अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' घेऊन घरी येणाऱ्याला यापेक्षा काय हवं? इथे अख्खं पोलिस खातं तुमची किंमत ठरवतंय, आणि ती दर मिनिटाला वाढतेय.

मला मात्र सगळ्यात आवडायचा तो 'कूलडाउन'. पोलिस मागे पडलेत पण शोधतायत, आपण आडोशाला गाडी लावून गप्प, आणि शेजारून सायरन जातोय... लपंडावाची मजा, दुसरं काय!

आता विषयांतर वाटेल, पण नाही. मागे एकदा पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला गेलो होतो. विनोबांचं जन्मगाव (११ सप्टेंबर १८९५). भूदान सगळ्यांना माहीत असतं. मला तिथे आठवलं ते चंबळ. तिथल्या डाकूंच्या डोक्यावर खरी बक्षिसं होती. नावाजलेला मानसिंग १९५५ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा झालेला. त्याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहून बोलावलं. मे १९६० मध्ये विनोबा त्या दऱ्याखोऱ्यांत पायी फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. त्यात लुक्का, म्हणजे लोकमन दीक्षितही होता. माफीचं आश्वासन नव्हतं, खटले व्हायचेच होते. पोलिस खात्यात यावर बरीच नाराजी होती. डाकूंना हिरो केलं, ही तक्रार. ती अगदीच चूक होती असं मला वाटत नाही.

पण गेमच्या दृष्टीने बघा. 'मोस्ट वाँटेड'मध्ये पाठलाग संपायचे दोनच मार्ग: निसटा, नाहीतर 'बस्टेड'. थांबावं असा तिसरा कुणी समोर येतच नाही. रेझरला हरवल्यावरसुद्धा सुटका नाही. सगळं पोलिस दल मागे, तुटक्या पुलावरून उडी मारून शहराबाहेर, आणि बक्षीस काय? राष्ट्रीय यादीत नाव! लुक्काला त्या यादीतून बाहेर यायचं होतं, आम्हाला आत जायचं होतं.

शरणागतीचं बटण गेममध्ये दिलं असतं, तरी रात्री दोन वाजता, हीट पाचवर असताना, मी ते दाबलं नसतं. दुसऱ्या दिवशी नऊला मीटिंग असली तरी.