कोणते कॅड घ्यावे? कोलकात्याच्या आधाररेषेपासून सुरू होणारे उत्तर

भूमापनाची प्रात्यक्षिके संपत आली की दरवर्षी वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "सर, ऑटोकॅड शिकू की सिव्हिल थ्री-डी? की एखादे स्वस्तातले चालेल?" विचारणाऱ्याच्या डोक्यात नोकरी असते आणि त्यात गैर काही नाही. पण मी लगेच सॉफ्टवेअरचे नाव सांगत नाही. कोलकात्यात शिकवत असल्यामुळे माझी एक सोय होते. मुलांना बसमध्ये बसवून बराकपूर ट्रंक रोडवर नेता येते.

या रस्त्याच्या कडेला विटांचे दोन जुने चौकोनी मनोरे आहेत. एक पाइकपाडा भागात, तर दुसरा उत्तरेला सुखचर येथे. उंची सुमारे ७५ फूट. सुखचरच्या मनोऱ्याला लोक चर्च समजत आले, म्हणून तिथल्या बसथांब्याचे नावही 'सुखचर गिर्जा' असे पडले. प्रत्यक्षात ही भूमापनाची स्थानके आहेत. भारतातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची कोलकाता आधाररेषा या दोन मनोऱ्यांच्या दरम्यान १८३१-३२ च्या हिवाळ्यात मोजली गेली.

आधाररेषा कशासाठी, हे थोडक्यात पाहू. त्रिकोणीकरणात एक बाजू प्रत्यक्ष मोजतात, पुढे फक्त कोन मोजतात आणि उरलेल्या बाजू गणिताने काढतात. मध्य भारतातील सिरोंजपासून कोलकात्यापर्यंत त्रिकोणांची एक लांब साखळी १८३० पर्यंत येऊन पोहोचली होती. एवढ्या अंतरात साचलेली चूक किती, हे पाहण्यासाठी शेवटच्या टोकाला पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजणे भाग होते. बंगालच्या सपाट मैदानात टेकडी नाही, म्हणून मनोरे बांधावे लागले.

आता निवडीचा प्रश्न आला. लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटच्या परिसरात पहिली आधाररेषा पोलादी साखळीने मोजली होती. साखळी उपलब्ध होती, माणसे तिला सरावलेली होती. पण पोलाद उन्हाने वाढते आणि साखळीचे तापमान जागोजागी सारखे नसते. जॉर्ज एव्हरेस्ट १८३० मध्ये इंग्लंडहून परतले ते कोल्बी यांच्या पट्ट्या घेऊनच. या पट्टीत पितळ आणि लोखंड यांच्या दोन दांड्या शेजारी शेजारी, मध्यभागी जोडलेल्या असतात. पितळ जास्त वाढते, लोखंड कमी. दोन्ही टोकांना बसवलेल्या छोट्या तरफेवर एक बिंदू असा कोरलेला असतो, की दांड्या कितीही वाढल्या तरी दोन टोकांच्या बिंदूंमधले अंतर दहा फूटच राहते. दोन पट्ट्यांमध्ये सहा इंचांचे अंतर सूक्ष्मदर्शकांनी जुळवायचे. सहा पट्ट्यांचा संच तंबूच्या सावलीत मांडून एका वेळी ६३ फूट पुढे सरकायचे, असे सहा मैलांहून अधिक. महागडे, संथ, कंटाळवाणे काम. तरी एव्हरेस्ट यांनी ते स्वीकारले, कारण त्यांना कोणती चूक टाळायची आहे हे आधी ठाऊक होते. साधन त्यानंतर ठरले.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. साधन तर आणले, ते बिघडल्यावर काय? इंग्लंडला पाठवून परत येईपर्यंत वर्ष निघून जाई. म्हणून हेन्री बॅरो या उपकरणकाराला कोलकात्यात आणले गेले आणि १८३० मध्ये उपकरणांची कार्यशाळा उभी राहिली. बॅरो गेल्यावर हे काम मूळच्या अर्काटच्या सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्या हाती आले. मोठ्या थिओडोलाईटची दुरुस्ती त्यांच्याच हातची. एव्हरेस्ट यांनी त्यांच्या कौशल्याची दाद देऊन, सरकारी उपकरणकार म्हणून त्यांच्या नेमणुकीचा आग्रह धरला होता. या कार्यशाळेचीच वाढ होत स्वातंत्र्यानंतर जादवपूरचा नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स हा सरकारी कारखाना झाला. भारतातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत त्याच्या लेव्हल आणि थिओडोलाईट अजून सापडतील. कारखाना बंद पडला, जागा जादवपूर विद्यापीठाकडे गेली. उपकरणे आहेत, सुटे भाग मिळत नाहीत. सॉफ्टवेअर घेतानाही हाच प्रश्न विचारा: पाच वर्षांनी बिघडले तर माझ्या शहरात कोण बसवून देईल?

याच काळात गणनेचे काम करायला हिंदू कॉलेजचा एक तरुण महिना तीस रुपये पगारावर रुजू झाला. राधानाथ सिकदार. डिसेंबर १८३१, वय अठरा. पुढे हिमालयातील पंधराव्या क्रमांकाच्या शिखराच्या गणनेशी त्यांचे नाव जोडले गेले; त्या शिखराची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. स्मिथ आणि थुइलियर यांच्या १८५१ च्या सर्वेक्षण पुस्तिकेत सिकदार यांचे ऋण नोंदवलेले होते. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून ते गाळले. सिकदार तेव्हा हयात नव्हते.

फूट, मीटर आणि यादीतले चार एव्हरेस्ट

एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीचा आकार म्हणून जो लंबगोल निश्चित केला, त्याची मोठी त्रिज्या २,०९,२२,९३१.८० फूट होती. हा आकडा फुटांत आहे, हे लक्षात ठेवा. नंतर मीटरमध्ये आणताना प्रश्न आला की एक फूट म्हणजे नेमके किती मीटर. एका रूपांतराने ६३,७७,२७६.३४५ मीटर येतात, दुसऱ्याने ६३,७७,३०१.२४३. फरक २५ मीटर, तोही केवळ फुटाच्या व्याख्येतून आलेला. आज कोणत्याही कॅड किंवा जीआयएस प्रोग्रॅममध्ये निर्देशांक-पद्धतीची यादी उघडा, 'एव्हरेस्ट' नावाच्या अनेक नोंदी दिसतील. विद्यार्थी पहिली दिसेल ती निवडतो आणि पुढे जातो. प्रोग्रॅम तक्रार करत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आमच्याकडे एका भूखंडाचा आराखडा तपासायला दिला. भूखंड बायपासच्या पूर्वेला होता. उपग्रहचित्रावर ठेवला तर सीमारेषा थेट एका भेरीत, म्हणजे सांडपाण्यावर मासे वाढवण्याच्या तळ्यात उतरली. पूर्व कोलकात्याच्या पाणथळी २००२ पासून रामसर यादीत आहेत. तिथे बांधकाम म्हणजे थेट कायद्याशी गाठ. मालकाची झोप उडाली. माझ्या मुलांनी आधी टोटल स्टेशनवर संशय घेतला, मग मोजणाऱ्यावर. दोन्ही निर्दोष होते. निर्देशांक जुन्या एव्हरेस्ट-आधारित नकाशावरून घेतले होते आणि फाईलमध्ये डब्ल्यूजीएस ८४ नोंदवले होते. भारतासाठी प्रचलित सरासरी रूपांतर-गुणक घालून गणित केले तर कोलकात्यात हा फरक अडीचशे ते तीनशे मीटरांच्या दरम्यान येतो, आणि बहुतेक सगळा पूर्व-पश्चिम दिशेत. हेच गणित पुण्याजवळ केले तर सव्वाशे मीटरांच्या आसपास येते. म्हणजे पुण्यात शिकलेला अंदाज इथे चालत नाही. भूखंड पश्चिमेला, आपल्या कोरड्या जागी परत गेला. त्या कार्यालयाकडे उत्तम, सर्वात महागडे सॉफ्टवेअर होते.

उंचीचेही तसेच. भारतीय सर्वेक्षणाच्या खुणा सरासरी समुद्रपातळीवरून मोजलेल्या असतात, तर कोलकात्यात बंदर आणि निचऱ्याच्या कामांत खिदिरपूरच्या जुन्या गोदीच्या उंबरठ्याला शून्य मानण्याची परंपरा आहे. दोन शून्ये एका पातळीवर नाहीत. नालीच्या उताराचा आराखडा करताना कोणते शून्य, हे फाईलमध्ये लिहिलेले नसेल तर समोच्चरेषा कितीही सुंदर दिसोत, पाणी उलटे वाहील.

शिवाय जमिनीचे एकक. आपल्याकडे १८३५ नंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या मोजणीने जी पद्धत बसवली, तिच्यात ३३ फूट चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठे म्हणजे एकर. बंगालमध्ये १७९३ ची कायमधारा पद्धत होती, सारा जमीनदाराकडून घ्यायचा, त्यामुळे शेत-शेत मोजण्याची घाई सरकारला नव्हती. १८८५ च्या कुळकायद्यानंतर मौजावार नकाशे झाले, एका मैलाला सोळा इंच प्रमाणाचे, म्हणजे १:३९६०. एकक कठ्ठा, ७२० चौरस फूट. वीस कठ्ठे म्हणजे बिघा. इथे काम करणाऱ्याला हे जुने मौजा नकाशे स्कॅन करून आराखड्याखाली बसवावे लागतात. म्हणून मी सॉफ्टवेअर बघताना तीनमितीय रस्त्याची चित्रफीत बघत नाही. स्कॅन केलेला, थोडा ताणलेला कागद चार-सहा ओळखीच्या बिंदूंवर नीट बसवता येतो का, ते बघतो. हे काम क्यूजीआयएस फुकटात आणि बऱ्याच कॅडपेक्षा चांगले करते.

फाईल कोणाची?

आता प्रोग्रॅमांकडे येऊ. ऑटोकॅड १९८२ चे. त्याच्या आधी, १९७० च्या दशकात, ब्रिटनमधील काही काउंटी परिषदांनी रस्त्यांसाठी मॉस नावाची प्रणाली तयार केली होती; तीच पुढे एमएक्स झाली, २००३ मध्ये बेंटलेकडे गेली आणि कालांतराने ओपनरोड्स मालिकेने तिची जागा घेतली. ऑटोकॅडवर चालणारी सॉफ्टडेस्कची भूमापनाची साधने १९९७ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतली. सिव्हिल थ्री-डी त्याच घराण्यातले. नावे बदलतात, कंपन्या विकल्या जातात. राहते ती फाईल.

डीडब्ल्यूजी हा ऑटोडेस्कचा स्वतःचा, न उलगडलेला फाईल-प्रकार. इतरांना तो वाचता यावा म्हणून १९९८ मध्ये वेगळी आघाडीच स्थापन झाली, आणि आज ब्रिक्सकॅडसारखे प्रोग्रॅम ही फाईल उघडतात आणि लिहितात, ते त्या खटाटोपामुळे. साध्या रेषा, मजकूर, थर व्यवस्थित येतात. पण सिव्हिल थ्री-डीमधील भूपृष्ठ किंवा संरेखन दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडले तर बऱ्याचदा फक्त चित्र दिसते, आतले गणित नाही. त्यासाठी लँडएक्सएमएलमध्ये वेगळे निर्यात करावे लागते. विद्यार्थी हे शेवटच्या रात्री शिकतात.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. २०१६ पासून ऑटोडेस्कने नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. वर्गणी भरा, नाहीतर प्रोग्रॅम बंद. महाविद्यालयात विद्यार्थ्यांना ते फुकट मिळते आणि बाहेर पडल्यावर दोन माणसांच्या सर्व्हे कार्यालयात तोच खर्च डोंगराएवढा होतो. म्हणून माझा सल्ला असा: सीमा, अभिन्यास, इमारतीचा नकाशा एवढेच काम असेल तर डीडब्ल्यूजी नीट लिहिणारे कोणतेही स्वस्त कॅड घ्या, सोबत क्यूजीआयएस ठेवा. रस्ता, कालवा, मातीकामाचे घनफळ असेल तर निविदेत ग्राहकाने कोणती फाईल मागितली आहे ते वाचा आणि तेच घ्या, हट्ट करू नका. दोन्ही बाबतींत शेतातले मूळ बिंदू साध्या मजकूर-फाईलमध्ये वेगळे जपा, पहिल्या ओळीत आधारपृष्ठ, पट्टा, उंचीचे शून्य आणि एकक लिहून. २००५ च्या नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आले, आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरची पूर्वपरवानगीची अट उठवली. त्यामुळे नवे काम सोपे झाले आहे. जुने कागद मात्र जुनेच आहेत.

वर्गाला मी शेवटी एक काम देतो. दोन मनोऱ्यांचे निर्देशांक यूटीएमच्या ४५ उत्तर पट्ट्यात, म्हणजे ईपीएसजी ३२६४५ मध्ये घ्या आणि कॅडमध्ये अंतर मोजा. कोलकात्याच्या या रेखांशावर जाळीवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे १५ सेंटिमीटर कमी भरते. दहा किलोमीटरच्या या रेषेवर ती तूट दीड मीटरच्या आसपास होते. गेल्या खेपेला पाच गटांपैकी चार गटांनी पडद्यावरचा आकडा उतरवून वही बंद केली. पाचव्या गटातल्या मुलीने विचारले की एव्हरेस्टने तंबूखाली मोजलेल्या लांबीशी हा आकडा का जुळत नाही, आणि चूक कोणाची.