अंगठ्यापासून सहीपर्यंत

भगिनींनो, पैशाचा हिशेब हे शिकलेल्यांचे काम, असे आपण म्हणतो. म्हणून म्हसवडच्या बायांचा इतिहास थोडक्यात सांगते.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजच्या कमाईतून थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्याशा रकमेसाठी बँका खाते उघडीनात. तेव्हा श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरविले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण पुष्कळ बाया निरक्षर, अंगठा उठविणाऱ्या! बाया खचल्या नाहीत. दिवसाचे कष्ट उरकून त्या लिहा-वाचायला शिकल्या. पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन त्यांनी सांगितले, की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, तोंडी सांगतो. परवाना मिळाला आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मी सातवी शिकलेली गृहिणी. मला वाटते, हिशेब त्यांना आधीच येत होता; बाजार करणाऱ्या बाईला तो यावाच लागतो. अडले होते ते अक्षरापाशी. आपल्या वस्तीतही कितीजणी कर्जाच्या कागदावर न वाचता सही करतात! आपल्या मंडळाने आठवड्यातली एक दुपार पासबुक व कर्जाचे कागद वाचायला शिकण्यासाठी राखावी, एवढीच विनंती.