दुष्काळी मजुरीचे माप

आपत्काळी सरकाराने गोरगरिबांस साह्य करावे, याविषयी आज दुमत नाही. परंतु ते किती व कोणत्या नात्याने द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशास फार महाग पडले आहे.

सर रिचर्ड टेंपल यांचेच उदाहरण घेऊ. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला असता ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून त्यांनी तो सढळ हाताने पुरविला. मनुष्यहानी फारशी झाली नाही, पण खर्च अफाट झाला म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १८७७ च्या आरंभी तेच गृहस्थ लॉर्ड लिटन यांचे प्रतिनिधी म्हणून मद्रास व मुंबई इलाख्यांत आले, ते काटकसरीचे व्रत घेऊनच! दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत व वर एक आणा, असा दर त्यांनी ठरविला. एवढ्यावर कष्टकऱ्याचा देह तगणार नाही, असे मद्रासेत डॉ. कॉर्निश यांनी व इकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेने बजावले. मद्रास सरकाराने काही महिन्यांनी दर वाढविला खरा; तथापि त्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली ती दगावलीच.

या अनर्थातून १८८० चा दुष्काळ कमिशनचा अहवाल व १८८३ चा 'फॅमिन कोड' निघाला. कामे केव्हा काढावी, मजुरी किती द्यावी, याचे नियम बांधले गेले. पण ते अंमलदारांच्या मार्गदर्शनासाठी होते, रयतेच्या हातचे शस्त्र नव्हते. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून, व सार्वजनिक सभेने गावोगाव माणसे धाडून, हेच नियम शेतकऱ्यांस समजावून दिले. तेव्हा सरकारची मर्जी अशी खप्पा झाली की १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. सरकारचेच नियम लोकांस सांगणे हा अपराध ठरला!

पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडीत असता वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर फैलावली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारीभत्ता, हे त्याचे सूत्र होय. २००५ साली केंद्राने सर्व देशासाठी कायदा केला, तो याच वाटेने जाऊन.

टेंपलसाहेब दोन्ही वेळी एकच होते. पालटली ती वरिष्ठांची मर्जी. जे साह्य मर्जीवर अवलंबून असते त्याचे माप तिजोरी ठरविते, पोट नव्हे. म्हणून कोणतेही नवे धोरण पुढे आले म्हणजे त्यात रक्कम किती, एवढेच विचारून भागत नाही. गरजूस ती हक्काने मागता येते काय, हे आपण आधी पाहिले पाहिजे.