किकवीच्या वाटेवरची मावळपट्टी : सत्तासंघर्षात तगलेली शेती

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला रस्ता कात्रजचा डोंगर ओलांडतो, खेड-शिवापूर आणि कापूरहोळ मागे टाकून किकवीला येतो आणि पुढे सारोळ्याजवळ नीरा पार करून शिरवळात शिरतो. किकवीच्या पश्चिमेला राजगड आणि तोरणा, नैऋत्येला रोहिडा, ईशान्येला पुरंदर आणि दक्षिणेला, नदीपलीकडे, शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट. एवढ्याशा मुलखाभोवती इतके किल्ले उभे राहिले, कारण उत्तरेकडून वाई-साताऱ्याकडे किंवा तिकडून पुण्याकडे जाणाऱ्या फौजेला इथूनच जावे लागे. पश्चिमेच्या खोऱ्यांत भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, पूर्वेच्या कमी पावसाच्या भागात बाजरी आणि ज्वारी, असे इथले पीक. एकही पीक असे नाही की त्यावर मोठे साम्राज्य श्रीमंत व्हावे. तरीही सतराव्या शतकात निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिन्ही सत्तांना ही पट्टी हवी होती. ती मिळवताना त्यांनी तिची जी दशा केली आणि त्यातूनही इथले गाव जसे पुन्हा पुन्हा उभे राहिले, तो या मुलखाच्या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला गेलेला भाग आहे.

इ. स. 1630 च्या सुमारास इथली परिस्थिती अगदी तळाला गेली होती. शहाजीराजे निजामशाही, मोगल आणि आदिलशाही यांच्या ओढाताणीत बाजू बदलत होते. त्यांची पुणे जहागीर विजापूरच्या मुरार जगदेवाने जाळली, पांढरीवर गाढवाचा नांगर फिरवला आणि लोखंडी पहार ठोकली. ‘या जागी पुन्हा वस्ती करू नये’ असे त्या पहारेने जाहीर केले होते. त्याच काळात 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ दख्खनवर आला. 1636 मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. पुण्याची जहागीर शहाजीराजांकडे राहिली, पण विजापूरचे सरदार म्हणून. कागदावर धनी ठरला, तरी ज्या जमिनीचा तो धनी होता ती बहुतेक पडीक होती. कुळे परागंदा झाली होती, बैल मेले होते आणि शेताशेतांत रान माजले होते.

अशा मुलखात महसूल वाढवायचा एकच मार्ग होता: आधी महसूल कमी करायचा. त्या काळचा शब्द आहे कौल. पडीक जमीन कसायला येणाऱ्याला सरकार लेखी अभय देई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरसाल थोडा वाढवत काही वर्षांनी पुऱ्या आकारावर आणायचा. चढत्या साऱ्याच्या या पद्धतीला इस्तावा म्हणत. मलिक अंबरने निजामशाहीत जमाबंदीची जी घडी बसवली होती, ती पुण्याच्या बाजूला पायाभूत मानली जाई आणि इस्ताव्याची अखेर त्या आकारावर होई. शहाजीराजांच्या वतीने दादाजी कोंडदेवांनी याच धोरणाने मावळात वस्ती वाढवली. रानातल्या लांडग्यांचा उपद्रव मोडण्यासाठी डोंगरातल्या लोकांना बक्षिसे दिल्याची हकिगत बखरींत येते. खेडेबाऱ्यात शिवापूर ही पेठ वसवून तिथे आमराई लावली गेली. झाडाला फळ येण्याची वाट पाहायला वर्षे लागतात. ज्या मुलखात दर दोन वर्षांनी धनी बदलत होता तिथे आंब्याची झाडे लावणे हाच मोठा निर्धार होता.

गाव बसवायला साऱ्याची सूट पुरत नाही, न्यायही लागतो. 28 जानेवारी 1646 चे शिवाजी महाराजांचे पत्र शिवापूरजवळच्याच रांझे गावच्या पाटलाविषयी आहे. त्याने बायकांशी बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडून पाटीलकी काढून घेतली आणि ती त्याच्याच भाऊबंदातल्या दुसऱ्याला दिली. पाटील हा गावातला सरकारचा हात. तो हात मोकाट सुटला तर कौल घेऊन आलेले कूळ रातोरात निघून जाई. सोडून दिलेल्या जमिनी सगळीकडेच पडलेल्या असल्यामुळे कुळाला जाण्यासाठी जागा मिळे आणि ही गोष्ट राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती. माणूस दुर्मीळ आणि जमीन मुबलक, अशी त्या काळची स्थिती होती. रयतेची जी काही ताकद होती ती त्यातून आली.

सत्ता आणि गाव यांच्या मध्ये देशमुख होते. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, उत्रवळीला खोपडे, खेडेबाऱ्यात कोंडे. वसुली, शिबंदी आणि वस्ती ही तिन्ही कामे त्यांच्याकडे. प्रत्येक नवी सत्ता वतन काढून घेण्याचा धाक घाली आणि वतन कायम करण्याचे आमिषही दाखवी. देशमुखांच्या निष्ठा बदलत त्या या कात्रीमुळे. 1659 मध्ये अफजलखान वाईला उतरला तेव्हा विजापूरहून मावळच्या देशमुखांना फर्माने सुटली. खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेध्यांनाही तसेच फर्मान आले, पण ते मुलांसह महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. वतन म्हणजे त्या काळी घराण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न आणि मानमरातब. कान्होजींनी किती मोठी किंमत देऊ केली हे त्यावरून कळते. खोपड्यांना नुसते फितूर म्हणून सोडून देणाऱ्या इतिहासकाराने एवढेच लक्षात घ्यावे की दोन बलाढ्य शाह्यांच्या सीमेवर बसलेल्या घराण्याला दोन्हीकडून एकच प्रश्न विचारला जात होता, आणि चुकीच्या उत्तराची शिक्षा गावच्या गाव भोगत असे.

लढाया या पट्टीच्या अंगणातच होत. 1648 मध्ये विजापूरहून फत्तेखान चालून आला तेव्हा त्याच्या बाजूच्या बाळाजी हैबतरावाने शिरवळ घेतले. कावजी मल्हाराने सुभानमंगळावर हल्ला करून ते परत मिळवले आणि पुढची लढाई पुरंदरच्या पायथ्याशी झाली. 1660 मध्ये शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला आणि तीन वर्षे मोगलांच्या टोळ्या आसपासच्या मावळात धावणी करत राहिल्या.

त्या काळातले एक पत्र या साऱ्या विषयाचा गाभा आहे. 23 ऑक्टोबर 1662 रोजी महाराजांनी रोहिडखोऱ्याचे देशमुख सर्जेराव जेधे यांना लिहिले. मोगल तुमच्या भागात धावणीला येत आहेत अशी खबर हेरांनी आणली आहे. पत्र पोचताच गावोगाव फिरा, लेकराबाळांसह रयतेला घाटाखाली सुरक्षित जागी न्या, या कामी घटकेचाही उशीर करू नका. हयगय केलीत आणि मोगलांनी माणसे धरून नेली, तर त्याचे पाप तुमच्या माथी बसेल. हा हुकूम एका लढवय्या सरदाराला आहे, पण त्यात शत्रूवर तुटून पडण्यापेक्षा माणसे वाचवण्याची निकड जास्त आहे. दिवस कार्तिकाचे, भाताच्या काढणीचे. शेतात उभे असलेले पीक जाळले गेले तर एका वर्षाचे नुकसान. कसणारी माणसे आणि बैल गेले तर ती जमीन पुढची कित्येक वर्षे मोकळी पडणार. महाराजांच्या राज्याची आर्थिक तटबंदी या हिशेबावर उभी होती. ती किल्ल्यांच्या तटाइतकीच पक्की होती, असे म्हणायला हरकत नाही.

1665 मध्ये मोगल सेनापती मिर्झाराजा जयसिंगाने हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला. पुरंदरला वेढा पडलेला असताना त्याने दाऊदखानाला राजगड-रोहिड्याच्या बाजूला पाठवले, कामगिरी एकच: मुलूख बेचिराख करणे. एप्रिलच्या अखेरीस रोहिड्याभोवतीची सुमारे पन्नास गावे जाळली गेली, गुरे हाकून नेली, माणसे कैद झाली आणि फौज तिथून राजगडाच्या पायथ्याकडे वळली. वैशाखाच्या तोंडावर, पेरणीआधी महिनाभर बैल आणि बियाणे नाहीसे करणे हा वेढ्याचाच भाग होता. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांकडे, बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. रोहिडा पहिल्या यादीत, राजगड आणि तोरणा दुसऱ्या यादीत. एकमेकांवरून नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या गडांवर दोन वेगळी निशाणे आली आणि मधल्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा धनी त्या रेषेवर बदलला. 1670 मध्ये रोहिडा परत आला.

जळालेली गावे पुन्हा कशी वसली, त्याची पद्धत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. जमीन काठीने मोजायची, पिकाची पाहणी करायची, पाच हिश्शांपैकी तीन रयतेला आणि दोन दिवाणाला. नव्याने आलेल्या रयतेला गुरे द्यायची, बियाण्याला दाणा आणि पैका द्यायचा आणि ते दोन-चार वर्षांत त्याच्या ऐपतीप्रमाणे वसूल करायचे. 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात यापुढची पायरी दिसते: ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्या, पोटाला दाणा द्या, दिलेल्या रकमेवर व्याज घेऊ नका, मुद्दलही तो तवाना झाल्यावर हळूहळू घ्या; यापायी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल. हे पत्र कोकणासाठी लिहिलेले असले तरी धोरण सगळ्या राज्याचे होते.

समुद्रावरच्या सत्तेशी झालेला सामनाही याच धोरणाचा भाग होता. घाटमाथ्यावरच्या गावांना मीठ कोकणातून येई. बार्देशातून पोर्तुगीजांचे मीठ स्वस्तात येऊ लागले आणि संगमेश्वराकडची मिठागरे बुडण्याची वेळ आली, तेव्हा 1671 मध्ये कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला आज्ञा गेली की बाहेरून येणाऱ्या मिठावर जकात इतकी वाढवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडावे. इथे तलवारीचे काम जकातनाक्याने केले.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, 1689 पासून, ही घडी पार विस्कटली. राजाराम महाराज जिंजीला गेले आणि महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण सचिव, संताजी आणि धनाजी उरले. औरंगजेब देशमुखांना वतनाची फर्माने देऊन ओढत होता. त्याच्याविरुद्ध मराठी बाजूनेही अभयपत्रे आणि इनामाची आश्वासने निघाली. शिवाजी महाराजांनी जी वतने आटोक्यात ठेवली होती ती आता मोकळ्या हाताने वाटली गेली. राज्य वाचले ते खरेच, पण पुढच्या दीडशे वर्षांत सरंजाम आणि वतन यांचा जो भार रयतेवर आला, त्याची सुरुवात इथे झाली. 1704 च्या फेब्रुवारीत राजगड आणि मार्चमध्ये तोरणा मोगलांनी घेतले. औरंगजेबाची छावणी ज्या मुलखातून गेली तिथे दाणा-वैरण उरली नाही, आणि त्याच वर्षांत दुष्काळ आणि रोगराईही आली.

शंकराजी नारायणांनी हा मुलूख परत जिंकला आणि तिथेच आपले ठाणे केले. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीचा वाद उभा राहिला. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंशी शपथेने बांधलेल्या शंकराजींनी भोरजवळ आंबवड्याला आत्मार्पण केले. शाहू महाराजांनी सचिवपद त्यांचा लहान मुलगा नारो शंकर याला दिले. पुढे चौथाईच्या वाटणीत सचिवांना शेकडा सहा असा साहोत्रा मिळाला आणि भोर हे त्यांच्या जहागिरीचे ठिकाण ठरले. 1818 नंतर इंग्रजांनी 1820 मध्ये पंतसचिवांशी तह करून ती जहागीर कायम ठेवली. 1849 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले तरी भोर टिकले, आणि 8 मार्च 1948 रोजी हे संस्थान भारतीय संघराज्यात मुंबई प्रांतात विलीन झाले.