सदाशिव पेठेत भाड्याची खोली

सदाशिव पेठ पेशव्यांच्या काळात वसली आणि तिला नाव मिळालं ते सदाशिवरावभाऊंचं. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ पानिपतावर लढायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी होता. समोर अब्दाली होता, त्याच्याच धर्माचा. तरी इब्राहिमखान भाऊंच्या बाजूनेच लढला, पकडला गेला आणि मारला गेला. शाळेच्या पुस्तकातून हे आपण सगळेच वाचतो. भाऊंच्या नावाच्या पेठेत इब्राहिमखानाच्या धर्माचा माणूस भाड्याची खोली शोधायला निघाला तर काय होतं, ते मात्र कुठल्या पुस्तकात नाही.

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो तेव्हा मी हे अनुभवलं. अख्ख्या महाराष्ट्रातली मुलं या पेठेत येतात. अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून कॉट बेसिसवर का होईना, इथेच राहायचं असतं. एजंटशी फोनवर डिपॉझिट ठरलं, भाडं ठरलं. मग त्याने विचारलं, "पूर्ण नाव सांगा." मी सांगितलं. "मालकांना विचारून कळवतो," तो म्हणाला. फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाई फार गोड बोलल्या, चहा दिला आणि म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, पण वाड्यातल्या बाकीच्यांना चालायचं नाही." बाकीचे कोण, ते मला भेटले नाहीत.

याच पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली स्थापन झालेलं. ग. ह. खरे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं संपादित केली, ती या मंडळातूनच. मराठ्यांचा इतिहास फारसीशिवाय पुरा होत नाही, हे पेठेतल्या विद्वानांना पक्कं ठाऊक होतं. कागदाला जागा होती.

माणसालाही जागा देणारे पुण्यात होते. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात. तात्यासाहेब भिडे ब्राह्मण होते. पुढच्या वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंना राहतं घर सोडावं लागलं, तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं फुल्यांचे चरित्रकार सांगतात. शिक्षणाच्या त्या कामामागे घरमालकांचाही वाटा होता. लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होताच.

मग कायदा काय करतो? १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली; १ सप्टेंबर १९४० चं भाडं हा त्याचा पाया. भाडेकरूला सहज बाहेर काढता येऊ नये, हा हेतू. पेठांमधल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर राहिलेली कुटुंबं या कायद्याच्या आधाराने टिकली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, हे त्याने सांगितलं. अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे करार सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. पण हे सगळं आत शिरलेल्या माणसासाठी. धर्म किंवा जात पाहून दारातूनच परत पाठवलं, तर हा कायदा काही बोलत नाही.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत. खासगी मालकाचं भाड्याचं घर नाही. सहकारी सोसायट्यांच्या बाबतीत तर अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला.

दुसरीकडे हे बदललं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. त्यानंतर आठवड्याभरात अमेरिकेत घर विकताना वा भाड्याने देताना वंश, धर्म पाहायला बंदी करणारा कायदा झाला. त्याच वर्षी ब्रिटनने आपल्या वंशभेदविरोधी कायद्यात घरांचा समावेश केला. भेदभाव तेवढ्याने संपला नाही, पण नकार मिळालेल्या माणसाला दाद मागायला जागा मिळाली. आपल्याकडे ती नाही.

एक गोष्ट आपल्या माणसांनाही सांगायला हवी. आपल्यातले घरमालकही "कोणत्या बिरादरीचे?" असं विचारताना मी ऐकले आहेत. दलित कुटुंबाला टाळताना पाहिले आहेत. उस्मान शेख यांचं नाव अभिमानाने घ्यायचं असेल, तर आपल्या वरच्या मजल्याची रिकामी खोली कुणाला देतो, तेही पाहावं लागेल.

राज्याच्या भाडे कायद्यात एक कलम वाढवावं, एवढीच मागणी आहे: भाडं परवडणाऱ्या माणसाला धर्म वा जातीवरून घर नाकारता येणार नाही. पेठेत आज जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत आणि शेकडो खोल्या नव्याने भाड्याने जाणार आहेत. हे कलम त्याआधी यायला हवं.