तिथीची पाऊणपट : साष्टीच्या खाडीतील जलप्रवास

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी कल्याण बंदरावर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते की, इंग्रजी अमदानीच्या प्रारंभी मुंबईहून होडीने निघालेला माणूस ठाण्यामार्गे त्याच दिवशी कल्याणला पोहोचत असावा. नकाशावर दोरा ठेवून मी मैल मोजले होते, वल्ह्याच्या होडीचा अदमासे वेग धरला होता आणि भागाकार केला होता. लेख छापून आला, दोन-चार वाचकांनी पसंतीची पत्रेही पाठवली. ते वाक्य चुकीचे होते. ते कसे चुकले हे कळायला मला एक होडी भाड्याने घ्यावी लागली.

निमित्त घरातलेच. भाचा नोकरीनिमित्त युरोपात आहे. त्याने इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावरून फोटो पाठवले. निळे पाणी, कड्याला चिकटलेली घरे, आणि खास चार माणसांसाठी नावाड्यासह घेतलेली छोटी होडी. सकाळी दहाला निघाले, दुपारी दोनला परत. मी त्याला विचारले, “भरती किती वाजता होती?” तो म्हणाला, “मामा, इथे कोणी भरती विचारतच नाही.” आणि ते खरेच आहे. भूमध्य समुद्राला जिब्राल्टरची चिंचोळी सामुद्रधुनी हे एकच नैसर्गिक दार. त्यामुळे तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक वीतभर, फार तर हातभर असतो. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार मीटरच्याही वर चढते. तिकडे होडी घड्याळावर सुटते, इकडे पंचांगावर.

हा फरक भूमध्य समुद्राकडून आलेल्या माणसांना पूर्वीपासून जाणवत आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भडोचच्या खाडीतल्या भरतीचे वर्णन आहे. पाणी अचानक गर्जत येते, नांगरलेली जहाजे उलथतात, हे तो लेखक धसक्यानेच सांगतो. त्याच ग्रंथात ‘कल्लिएना’ म्हणजे आपले कल्याण येते. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले. सत्तापालटानंतर मात्र तिथे गेलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे तो नोंदवतो. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी आहेतच. सहाव्या शतकात कॉस्मसही या बंदराचे नाव घेतो. एवढे मोठे बंदर समुद्रापासून इतके आत, नदीच्या काठी कसे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचेही उत्तर भरतीच आहे. तिने जहाज फुकट आत आणून सोडायचे आणि ओहोटीने फुकट बाहेर न्यायचे.

मी कोलशेतच्या एका नाखव्याला गाठले. वय साठीच्या पुढे, पूर्वी रेतीच्या होड्यांवर, आता मासेमारी, तीही जमेल तशी. म्हटले, “वसईच्या किल्ल्यापर्यंत न्या आणि परत आणा. मला घाई नाही, वाटेत थांबायचे आहे.” मी रविवार सांगितला. त्याने तारीख न विचारता तिथी विचारली. पौष वद्य नवमी होती. त्याने क्षणभर बोटे मोजली आणि म्हणाला, “तोंडाला पावनेसातला भरल. आपल्याला आठला निघावा लागल.”

हा हिशेब कोकण किनाऱ्यावर सर्वत्र ठाऊक आहे. शहरात राहून आपण तो विसरलो आहोत. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. नवमीचे नऊ, त्याची पाऊणपट पावणेसात. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वेळ सकाळची तशीच संध्याकाळची, थोडी पुढेमागे. मधल्या सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, म्हणून हे गणित जमते. नाखव्याच्या मुलाने मोबाईल काढून पाहिला, फरक काही मिनिटांचाच निघाला. हा आकडा खाडीच्या तोंडाचा. पाणी आत चढायला वेळ लागतो. कोलशेतला भरती उशिरा येते, कल्याणला दुर्गाडीपाशी आणखी उशिरा. कुठे किती उशीर, हे मात्र ज्याच्या त्याच्या गावालाच माहीत.

आठला निघालो. फायबरची होडी, मागे इंजिन. डाव्या हाताला साष्टी, म्हणजे येऊरचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी घोडबंदर रस्त्याचे टॉवर. उजवीकडे भिवंडीची आणि पुढे वसईची बाजू, मागे कामणदुर्ग आणि तुंगारेश्वराची रांग. ठाण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही हे दृश्य अनोळखी वाटते, कारण आपण या खाडीकडे नेहमी पुलावरून, तेही गाडीच्या काचेतून पाहतो. पाण्यातून पाहिले की कळते, साष्टी हे खरोखरीचे बेट होते. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला ही वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची. १८०५ मध्ये शीवचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा, पुढे रेल्वेचे पूल आले आणि बेटपण गेले. गायमुखाच्या पुढे तिवरांची भिंत दोन्हीकडे लागते. बगळे, खंड्या, एखादी घार, आणि मधूनच प्लास्टिकच्या पिशव्यांचा तांडा. सुंदर आहे आणि घाणही आहे. अमाल्फीशी तुलना मी करणार नाही.

घोडबंदरचा किल्ला पाण्यातून चांगला दिसतो. पोर्तुगीजांनी तो खाडीवर नजर ठेवायलाच बांधला होता. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, ती पुढे दोनशे वर्षे राहिली. म्हणजे कल्याणहून समुद्राकडे जायच्या दोन्ही वाटा त्यांच्या हातात आल्या. उजवी वाट घोडबंदर-वसईच्या तोफांखालून, डावी ठाण्याच्या चिंचोळ्या पाण्यातून. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. तो दिवस वसुबारसेचा होता असे परंपरा सांगते. पुढे या खाडीत त्यांनी जहाजबांधणी सुरू केली तेव्हा कामावर पोर्तुगीज कारागीर होते, रुय लैतांव व्हियेगस त्यांचा म्होरक्या. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धोका कळला आणि त्यांनी ही माणसे फोडली. नकाशा पाहताना हा प्रसंग राजकारणाचा वाटतो. होडीतून घोडबंदर बघताना वाटते, की आपल्या दारातून ज्याला जावेच लागणार आहे त्याने आरमार बांधावे, हे दारवानाला कसे रुचेल? १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीत पाय ठेवला तेव्हाही या पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेली स्थानिक माणसे लागली. अंजूरच्या नाईकांचे, विशेषतः गंगाजी नाईकांचे नाव त्यात अग्रभागी आहे. अंजूर खाडीकाठीच आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे.

अकराच्या सुमारास भाईंदरच्या रेल्वे पुलाखालून आम्ही वसईच्या कोटापाशी आलो. किल्लाबंदरला उतरलो. मी पाऊण तासात तटबंदी बघून आलो आणि म्हटले, चला. नाखवा हलेना. “पानी अजून उतरतंय.” इंजिन आहे ना, असे मी म्हणताच तो हसला. उलट्या पाण्यात इंजिनाने जाता येते, पण डिझेल जवळजवळ दुप्पट जळते. ते पैसे देणार कोण? मी देतो म्हटल्यावरही त्याला ते पटले नाही. एकनंतर पाणी फिरेल, मग तेच आपल्याला घेऊन जाईल, त्याच्याविरुद्ध कशाला भांडायचे?

त्या दोन तासांत मी त्याला माझा जुना लेख सांगितला. मुंबई ते कल्याण, इतके मैल, होडी इतकी वेगाने, म्हणून एक दिवस. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारले, “आनि पानी बदलला तवा थांबला कुठं?”

हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता. मुंबईच्या बंदरातून भरतीबरोबर निघालेली होडी ठाण्याला यायला जवळपास सगळी भरती खर्ची पडते. ठाण्यापाशी आणखी एक गंमत आहे. दक्षिणेकडून मुंबई बंदराची भरती येते आणि उत्तरेकडून वसईच्या खाडीची. दोन्ही पाणी या परिसरात एकमेकांना भेटतात. तिथे पोहोचेतो ओहोटी लागते. कल्याणकडे उलट्या पाण्यात वल्ही मारण्यापेक्षा पुढच्या भरतीची वाट पाहणे शहाणपणाचे, म्हणजे सहा तास ठाण्याला मुक्काम. आणि जिथे प्रत्येक होडीला सहा तास थांबावेच लागते, तिथे जकात बसवायला वेगळी साखळी लागत नाही. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर ठाण्याला जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर पोर्तुगीज जकात घेत आणि त्यावरून इंग्रजांशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडत, हे कागदोपत्री आहे. ठाण्याचे महत्त्व मी आजवर अरुंद पाण्याने आणि किल्ल्याने समजावून सांगत आलो. ते कारण आहेच. पण त्याच्या आधी थांबण्याची गरज आहे, असे आता मला वाटते. हा माझा तर्क आहे, कागद दाखवू शकत नाही. पण तर्क पाण्यावर उभा आहे आणि पाणी रोज दोनदा तपासता येते.

या दृष्टीने जुने प्रवासी पुन्हा वाचायला घेतले. १६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याला गव्हर्नर आँजियरने जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे पाठवले. तो मुंबईहून होडीने ठाण्यावरून कल्याणला आला आणि तिथून घाट चढला. एका प्रवासात त्याने चार राज्ये पाहिली. मुंबई इंग्रजांची, साष्टी पोर्तुगीजांची, कल्याण शिवाजी महाराजांचे, जुन्नर मोगलांचे. कल्याणच्या भव्य पडक्या इमारती पाहून तो थक्क झाला होता. १६९५ मध्ये आलेला जेमेल्ली कारेरी तर भूमध्य समुद्राकाठचाच, दक्षिण इटलीतला. तोही वसईहून खाडी ओलांडून कान्हेरी पाहायला गेला. आणि १८२५ मध्ये बिशप हेबर. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे समर्पण त्याच्याच हातचे. इथल्या ‘बंदर-बोटी’चे त्याने वर्णन करून ठेवले आहे. मजबूत होडी, दोन डोलकाठ्या, दोन तिरकी शिडे. बंदरावरून आली म्हणून बंदर-बोट, असा त्याचा अंदाज. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात हाच शब्द आहे आणि मिठाच्या खात्याचे अधिकारी अशा होडीतून किनाऱ्याने हिंडत असे म्हटले आहे. खासगी होडी भाड्याने घेऊन किनारा पाहण्याची चाल आपल्याकडे अशी जुनीच आहे. फक्त हौशेला तेव्हा कामाची जोड असे.

ती मोडली रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ ला गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला. थांबण्याचे सहा तास एका फटक्यात नाहीसे झाले. माल काही काळ पाण्यावर राहिला. मीठ, कौले, गवत आणि अगदी परवापरवापर्यंत रेती. मुंब्र्याचे आणि डोंबिवलीचे रेतीबंदर नावाने तेवढे उरले. माणूस मात्र गाडीत बसला तो बसलाच.

आता पुन्हा पाण्याकडे वळण्याची भाषा आहे. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. कोलशेत, काल्हेर, अंजूरदिवे, डोंबिवली अशी धक्क्यांची नावे आराखड्यांत येतात. २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरूही झाली. मला यात आनंद आहे आणि एक धास्तीही. धक्के जुन्या बंदरांच्याच जागी येणार, कारण पाणी तिथेच खोल आहे. मग तिथल्या जुन्या पायऱ्या, होड्या बांधायचे दगड, त्यांची निदान मोजमापे घेऊन छायाचित्रे काढायला हवीत. माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी सुशोभीकरणाच्या कामात अशा पायऱ्या रंगीत फरशांखाली गेल्या. मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा संबंधितांनी विचारले, त्या पायऱ्या होत्या याला पुरावा काय? पुरावा फरशीखाली होता.

दुपारी एकच्या पुढे नाखव्याने पाण्यात नुसते पाहिले आणि म्हणाला, बसा. येताना इंजिन निम्म्यावर होते. पाच वाजता कोलशेतला लागलो.

राहिली आहे दुसरी वाट, फ्रायरची, ठाण्याच्या चिंचोळ्या पाण्यातून कळव्याच्या जुन्या दगडी पुलाखालून जाणारी. नेता का, म्हणून विचारले. अष्टमी-नवमीच्या भांगाला तिथे होडीचे बूड लागते आणि उधाणाला पुलाला डोके, असे त्याचे म्हणणे. मधली तिथी हवी. मी वही काढली. “पंचमीला या,” तो म्हणाला. पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारची भरती सोयीची पडेल.