गहू बंद सांगितलाय? मग पनीर, चीज घेताना हे बघा

सीलिअॅक आजार निघाला की गहू, जव आणि त्यांचे पदार्थ कायमचे बंद करावे लागतात. या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं अशा माणसाच्या लहान आतड्याला इजा होते. थोडंसंही चालत नाही. आपल्या जिल्ह्यात बाजरी-ज्वारी पिकते, त्यामुळं भाकरीचं अडत नाही (फक्त गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळण टाकू नका). अडतं ते पोरांच्या हट्टाला. त्यांना पनीर पाहिजे, चीज पाहिजे.

दुधात ग्लुटेन नसतं. गाईला गव्हाचा भुसा घातला तर दूध चालतं का, असं बरेच जण विचारतात. चालतं. दूध नासवून केलेलं साधं पनीर आणि साधं चीजही चालतं. धोका वरून मिसळलेल्या गोष्टींचा आहे.

सुट्या पनीरवर लेबल नसतं, त्यात पीठ किंवा स्टार्च घातलाय का ते डोळ्याला कळत नाही. अॅनालॉग पनीर तर दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलावर करतात. पाकिटावर तसं लिहावं लागतं, पण सुटं घेताना कोण सांगणार? घरी तपासायचं तर पनीरचा तुकडा पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. तो मक्याचा की गव्हाचा, हे यातून कळत नाही, म्हणून तसलं पनीर आजाऱ्याला नकोच. तपासलेला तुकडा फेकून द्या.

चीजचं पाकीट घेताना मागचे घटक वाचा. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. व्हीट, बार्ली, माल्ट, मैदा यातलं काही दिसलं की ठेवून द्या. मसाला लावलेलं चीज, चीज स्प्रेड, चीज बॉल यांत असं काही असण्याची शक्यता जास्त. साधं क्यूब किंवा स्लाइस त्या मानानं बरं, तरी घटक वाचूनच घ्या. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या मालात किलोमागं 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा एफएसएसएआयचा नियम आहे.

हॉटेलात पनीर चांगलं असूनही घात होतो. मैद्याची भजी तळलेल्या तेलातच पनीर तळतात, ग्रेव्हीला मैदा लावतात. बाजारच्या बऱ्याच हिंगातही गव्हाचं पीठ असतं.

माझं विचाराल तर ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे त्यानं पनीर विकत आणूच नये. एक लिटर दुधाचं दीडशे-दोनशे ग्रॅम पनीर निघतं. दूध उकळून गॅस बंद करा, लिंबाचा रस थोडा थोडा घाला, फाटलं की फडक्यात बांधून वजनाखाली ठेवा. माल्ट व्हिनेगर मात्र वापरू नका, ते जवापासून करतात.

आजार नुकताच निघाला असेल तर काहींना सुरुवातीचे महिने दूधही पचत नाही, तेव्हा पनीर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि नुसता संशय असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसत नाही.